कोरं पाणी

संस्थेच्या बागेत एक रिकामा चौथरा होता. त्यावर लवकरच मोठ्या सरांचा अर्धपुतळा बसायचा होता. मोठे सर स्वतः धडधाकट होते, रोज सकाळी त्याच बागेत फिरायला येत आणि चौथरा आला की नजर चुकवून पुढे जात. जिवंत माणसाचा पुतळा करणं म्हणजे त्याला 'आटपा आता' असं सांगण्यासारखं आहे, असं ते घरी म्हणाले होते. नको मात्र म्हणाले नव्हते.

सरांची सगळी कीर्ती एका वाक्यावर उभी होती: आपला समुद्र रिकामा आहे. तरुणपणी ते एका गळक्या बोटीतून महिनोन्महिने हिंडले. बारीक विणीच्या रेशमी कापडाचं जाळं पाण्यातून ओढायचं, वर घ्यायचं आणि त्याला काय चिकटलंय ते बघायचं. काही म्हणता काही चिकटलेलं नसे. दुसरा कुणी असता तर हात हलवत घरी गेला असता. सरांनी त्या रिकाम्या हातांतून संस्था उभी केली. निळाशार, काचेसारखा, तळाशी टेकलेला नांगर वरून दिसावा असा समुद्र, आणि पोटात काही नाही. पाण्याला कस नाही म्हणून शेवाळ नाही, शेवाळ नाही म्हणून ते खाणारे जीव नाहीत, ते नाहीत म्हणून मासे नाहीत. 'रूप आहे, पण घरात दाणा नाही,' असं ते विद्यार्थ्यांना सांगत, आणि विद्यार्थी ते उतरवून घेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण तर त्यांनी इतक्या परिषदांमध्ये ऐकवली होती की बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही ती पाठ झाली होती.

ते पहिलं रेशमी फडकं आता संस्थेच्या दालनात काचेच्या चौकटीत होतं, आणि त्याच्यावर स्वतंत्र दिवा होता. संस्थेतले इतर दिवे अधूनमधून जात. हा कधी गेला नाही.

सूनबाई या संस्थेत समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा विभाग सांभाळत. विभाग म्हणजे एक खोली, एक मोरी आणि त्या स्वतः. त्यांनी या विषयात डॉक्टरेट केली होती, ती सरांच्या मुलाशी लग्न व्हायच्या आधी. पण रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी मोठे सर सोबत आले आणि सगळ्यांना म्हणाले, या आमच्या सूनबाई, सांभाळून घ्या. झालं. तेव्हापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना सूनबाईच म्हणू लागले आणि सगळेच सांभाळून घेऊ लागले, म्हणजे त्यांना कुणी कधी काही विचारलं नाही. नवरा पूल बांधायचा, आणि जिथे पूल नाही तिथेच त्याला राहावं लागायचं. त्यामुळे घरी सासू-सासरे आणि कामावर सासऱ्यांचं फडकं, असा सूनबाईंचा संसार होता.

जुने लोक सांगत की संस्था गरीब होती तेव्हा फार मजेची होती. तीन गळक्या खोल्या, आणि त्यांत नाना तऱ्हेची माणसं. एक जण पाण्यात यंत्र सोडून कोळंबीची कटकट ऐकत बसायचा. एक बाई फक्त बोटींच्या बुडाला चिकटणाऱ्या चिकट्यावर काम करायच्या. एक चित्रकार शिंपल्यांची चित्रं काढायचा आणि एका गृहस्थांचा विषय काय आहे ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही, पण बिघडलेलं कुठलंही यंत्र त्यांच्या हातून दुरुस्त व्हायचं. एकाने टाकलेलं उपकरण दुसऱ्याला नवीन वाटायचं. कुणाकडेच फार नसल्यामुळे कुणीच फार माजलेला नव्हता. मग विकासनिधी आला, नवी इमारत आली आणि तिच्यासोबत हे संचालक आले. संचालकांना स्वतःचा असा विषय नव्हता, त्यामुळे ते कुठल्याही विषयात मावत. बघता बघता प्रत्येक खोलीत त्यांची माणसं दिसू लागली आणि प्रत्येकाच्या दारावर 'समन्वय' अशी पाटी लागली. कोळंबीवाला गेला, चिकट्याच्या बाई गेल्या, चित्रकार गेला. समन्वयक मात्र एकमेकांचा समन्वय करत राहिले. सूनबाई तेवढ्या टिकल्या, कारण घरच्या सुनेला काढायचं कसं हे संचालकांना सुचलं नव्हतं.

आता संस्थेत एक जुनी रीत होती, आणि सगळी गोम तिथेच होती. रोज सकाळी बोटीवरून पाण्याचा डबा यायचा. ते पाणी सरांच्या फडक्याच्याच विणीच्या कापडातून गाळायचं. कापडाला चिकटेल ते जीव, आणि खाली पडेल ते 'कोरं पाणी'. या कोऱ्या पाण्यावर यंत्राचा काटा शून्याला लावायचा, त्यानेच काचेची भांडी विसळायची, आणि मग समुद्राचं पाणी मोजायचं. मोजलं की उत्तर शून्याच्या आसपास यायचं. सगळ्यांना बरं वाटायचं आणि उरलेलं कोरं पाणी मोरीत जायचं. सूनबाईंनीही इतकी वर्षं हेच केलं होतं. शून्य कसं लावायचं हे कुणी विचारतं का? आईने शिकवलं तसं आपण पाणी भरतो.

त्या वर्षी संस्थेत एक मोठी योजना आली. एका कंपनीने ठरवलं की हा रिकामा समुद्र भरायचा. बोटींनी पोती न्यायची, पाण्यात खत ओतायचं, पाणी हिरवं होईल, शेवाळ माजेल आणि माशांना वाट सापडेल. योजनेला 'समृद्धी' असं नाव होतं, आणि कंपनीच्या साहेबांनी संस्थेतल्या प्रत्येकाला खताची एकेक छोटी पुडी गुळगुळीत डबीत घालून भेट दिली होती, सोबत पेन. अट एकच होती. समुद्रात मुळात काही नाही, तेव्हा काही बिघडणारही नाही, असा दाखला लागणार होता. तो दाखला सूक्ष्मजीव विभागाच्या सहीने निघायचा होता. सूनबाईंच्या सहीवाचून काहीतरी अडण्याची ही पहिलीच वेळ होती. सत्कार, पुतळ्याचं अनावरण आणि खताचा पहिला तांब्या, असा तिहेरी समारंभ संचालकांनी एकाच मांडवात बसवला होता. तांब्या अर्थात मोठे सर ओतणार होते.

त्याच सुमारास संस्थेत एक नवा सूक्ष्मदर्शक आला. वर्ष संपायच्या आत काहीतरी घ्यायलाच हवं होतं, म्हणून संचालकांनी पुस्तिकेतला सगळ्यात जड बघून मागवला. समन्वयाच्या कुठल्याही टेबलावर तो मावेना, तेव्हा तो सूनबाईंच्या खोलीत आला. त्यात निळा दिवा होता. त्या उजेडात जिवंत हिरवे जीव आपले आपण लाल-नारिंगी चमकतात, आणि बाकी सगळं काळं दिसतं. सोबत अतिबारीक छिद्रांच्या पांढऱ्या चकत्याही आल्या होत्या. पाणी त्यांवरून ओढून घेतलं की सरांच्या कापडातून सहज निसटेल असलं काहीही त्यांवर अडकायचं.

यंत्र नीट आहे का हे बघायला आधी काहीच नसलेलं काहीतरी बघावं लागतं. संस्थेत त्यासाठी एकच वस्तू होती. सूनबाईंनी चकतीवरून कोरं पाणी ओढलं, चकती भिंगाखाली ठेवली, डोळा लावला आणि मिट्ट काळोखाची वाट बघू लागल्या.

काळोख कसला? जिकडे बघावं तिकडे ठिपके. नारिंगी, लाल, काही इतके पुसट की नजर हटवली तरच दिसावेत, काही जोडीने, काही साखळीत, मधूनच एखादा शेपटी हलवत दुसऱ्यांच्या अंगावरून जाणारा. सूनबाईंना वाटलं, भांडं घाण आहे. त्यांनी ते स्वच्छ विसळलं, कोऱ्या पाण्याने. पुन्हा बघितलं तर ठिपके वाढलेले. मग त्यांनी काच विसळली, चिमटा विसळला, झाकण विसळलं, सगळं कोऱ्या पाण्याने, आणि दर वेळी ठिपके आणखी वाढत गेले. इतक्या वर्षांत त्यांनी एवढी साफसफाई केली नव्हती आणि इतकी घाण पाहिली नव्हती. शेवटी वैतागून त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि इंजेक्शनसाठी वापरतात त्या पाण्याची बाटली घेऊन आल्या. त्या पाण्याने सगळं धुतलं आणि तेच पाणी नव्या चकतीवरून ओढून बघितलं. गुडूप अंधार.

सूनबाई स्टुलावर बसून राहिल्या. मोरीच्या तोंडाशी कालच्या पाण्याचे थेंब अजून ओले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसाही साधा नाही, आख्ख्या संस्थेने मिळून घातलेला. समुद्रातून समुद्रच वजा करायचा आणि उत्तर शून्य आलं म्हणून दाखले द्यायचे. त्यांना आधी हसू आलं, मग हे घरी कुणाला सांगावं लागणार ते त्यांच्या लक्षात आलं.

पुढचे काही दिवस त्यांनी जेवणाची सुट्टी सोडून दिली. वरचं पाणी, मधलं पाणी, जिथे उजेड जेमतेम पोचतो तिथलं पाणी, जे मिळेल ते चकतीवर ओढलं. नुसत्या रंगाआकारावरून ओळखू यावेत एवढेच प्रकार मोजताना बोटं पुरेनात, आणि जे सारखे दिसत होते त्यांच्यातही आतून किती घराणी असतील ते देव जाणे. मग त्या संचालकांकडे गेल्या.

संचालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते वाकबगार होते. म्हणाले, कोऱ्या पाण्यात काही नसतं, म्हणून तर त्याला कोरं म्हणतात. सूनबाई म्हणाल्या, येऊन बघा, हातच्या काकणाला आरसा कशाला. ते म्हणाले, मला भिंगात बघितलं की गरगरतं. मग खुर्ची जवळ ओढून समजावणीच्या सुरात बोलले.

"सूनबाई, शून्य ही मोजायची गोष्ट नाही. ती ठरवायची गोष्ट आहे. आणि आपल्याकडे ती मोठ्या सरांनी ठरवलीय."

एवढं बोलून त्यांना काहीतरी सुचलं. हे जीव खातात काय, त्यांनी विचारलं. जवळजवळ काहीच नाही, सूनबाई म्हणाल्या. संचालकांचा चेहरा उजळला. म्हणजे इतके सगळे आणि सगळेच उपाशी? मग तर योजना आणखीच गरजेची. ही तर भूतदया झाली. सूनबाईंनी परोपरीने सांगितलं की ते उपाशी नाहीत, ते थोडक्यात भागवायलाच घडलेत. एक वरच्या कडक उन्हात राहतो, एक खालच्या अंधुक उजेडात. एकाच्या अंगातून जे पाझरतं त्यावर दुसरा जगतो. कुणालाच पोटभर मिळत नाही म्हणून कुणी कुणाला ढकलत नाही आणि सगळ्यांना जागा मिळते. तुम्ही पोती ओतलीत की आज जे एकदोन आडदांड गप्प बसलेत ते फुगतील आणि बाकीच्यांचा खातमा करतील. बळी तो कान पिळी.

संचालकांना ते कळलं नाही, किंवा फारच चांगलं कळलं. त्यांनी एकवार आपल्या प्रशस्त खोलीवरून नजर फिरवली आणि घसा खाकरला. एक ना धड, भाराभर चिंध्या, ते म्हणाले. असले हजार प्रकार असण्यापेक्षा एक काहीतरी भरघोस असलेलं बरं. सही करायची नसेल तर जबरदस्ती नाही. दाखल्यावर मोठ्या सरांची सही चालेल, उलट जास्त वजनदार होईल. ते मांडवातच करतील, तांब्या ओतायच्या आधी.

म्हणजे आता सगळं एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात होतं, आणि त्याला सांगायचं होतं की तुमचं आयुष्य मोरीतून वाहून गेलं. संध्याकाळी सासरे गॅलरीत चहा पीत बसले होते, सासूबाई शेजारी सुईत दोरा ओवत होत्या. सूनबाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसल्या असत्या तर सांगवलं नसतं. सरांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे माझं फडकं चुकलं?"

"फडकं बरोबर आहे, बाबा. त्याला जे चिकटलं ते तुम्ही चोख मोजलंत. जे खाली गेलं त्याला आपण पाणी म्हणालो."

सरांनी येऊन भिंगात बघावं, अशी सूनबाईंनी विनवणी केली. सर उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. सूनबाईंना ते आपटलेलं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी अबोला धरला. तो फक्त सुनेशी होता आणि सासूबाईंमार्फत चालायचा. तिला सांग, मीठ दे. तिला सांग, पेपर माझ्याकडे आहे. सासूबाई दोघांच्या मधोमध बसून पोस्टाचं काम करत. मी या घरात संसार करायला आले होते, निरोप पोचवायला नाही, असं त्यांनी एकदा भिंतीला सांगितलं. पण सुनेने स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बरण्या आणून ठेवल्या तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. दोन्हींत समुद्राचं पाणी होतं. डावीत सूनबाईंनी भेट मिळालेल्या डबीतली चिमूटभर 'समृद्धी' टाकली. उजवीत काही टाकलं नाही. संस्थेत हा प्रयोग करायला संचालकांनी बंदी केली होती. स्वयंपाकघरावर त्यांची सत्ता नव्हती.

आधी दोन्ही बरण्या सारख्याच दिसत होत्या. मग डावीत हिरवट झाक आली. सर सकाळी पाणी प्यायला आत येत आणि खिडकीशी जरा जास्त वेळ उभे राहत. पाणी पिऊन झाल्यावरही ग्लास हातातच असे. झाक दाट होत गेली आणि बरणीतून पलीकडचं दिसेनासं झालं. एके दिवशी जेवताना त्यांनी पानातली नजर वर न करता विचारलं.

"तिला विचार, डाव्या बरणीत वाढलंय ते कोण."

सासूबाईंनी मान वळवली. सूनबाईंना त्यांच्यामार्फतच उत्तर देणं भाग होतं.

"त्यांना सांगा, एकच प्रकार आहे. फार तर दोन."

"आणि बाकीचे?"

हे त्यांनी थेट विचारलं की सासूबाईंमार्फत, ते कळायला मार्ग नव्हता.

"सांगा, गेले."

सर पानावरून उठले. भात तसाच राहिला. त्यानंतर बरणीतला हिरवा थर तपकिरी पडू लागला आणि तिला वास सुटला. तो आधी स्वयंपाकघरात होता, मग दिवाणखान्यात आला, मग शेजारच्यांनी नळ तपासायला माणूस बोलावला. सासूबाईंनी झाकण घट्ट लावलं, त्यावर फडकं बांधलं, त्यावर दोरा गुंडाळला, तरी तो येतच राहिला. उजवी बरणी मात्र होती तशीच होती. तिच्यात बघितलं तर काही दिसायचं नाही. भिंगाखाली धरली तर कालचे सगळे आजही हजर असत. सूनबाईंनी सासूबाईंबरोबर तसा निरोप पाठवला. मला दाखवायची गरज नाही, असं उत्तर आलं. समारंभाच्या आदल्या दिवशी सूनबाई डावी बरणी टाकून द्यायला गेल्या तर ती जागेवर नव्हती. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला आता कुणाचेही निरोप लक्षात राहत नाहीत.

मांडव धक्क्यावर होता. एका बाजूला समुद्र, नेहमीसारखा निळा आणि कुणाचं काही न मागणारा. दुसऱ्या बाजूला खताच्या पोत्यांनी भरलेली बोट. मध्ये मंच, मंचावर कापडाने झाकलेला अर्धपुतळा, टेबलावर दाखला, त्यावर कंपनीचं पेन आणि शेजारी चकचकीत तांब्या. सूनबाईंना तबक धरून उभं केलं होतं. घरच्यांच्या हातून व्हावं, असं संचालकांचं म्हणणं होतं. त्यांनी ते धरलं, कारण मंचावर उभं राहायचा तोच एक मार्ग होता. सासऱ्यांनी सही केली तर तबक खाली ठेवायचं आणि माइककडे जायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. माइकपाशी जाऊन काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

मोठे सर उशिरा आले. हातात कापडी पिशवी होती. सासूबाई त्यांच्या मागून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या बसल्या पदर नाकाला लावला. शेजारच्या पाहुण्यांना वाटलं की त्यांना गहिवरून आलंय.

संचालकांनी आपल्या भाषणात समुद्र उपाशी असल्याचं सांगून डोळे पुसले. असंख्य चिमुकल्या जिवांच्या तोंडी आज घास जाणार, असं ते म्हणाले, तेव्हा सूनबाईंना आपलेच शब्द उलटे होऊन समोर फिरताना दिसले. मग सरांचं नाव पुकारलं गेलं. सर उठले, टेबलाशी आले, दाखला पूर्ण वाचला आणि पेन उचललं. सूनबाईंनी तबक खाली ठेवायला सुरुवात केली. सरांनी पेनाला टोपण घातलं, ते बाजूला ठेवलं आणि माइक स्वतःकडे ओढला.

"मी आयुष्यभर समुद्रातून समुद्र वजा केला," ते म्हणाले. "उत्तर शून्य यायचं. गणित बरोबर होतं."

मांडवात कौतुकाचं हसू पसरलं. थोर माणसं विनोदही करतात, याचं लोकांना नेहमी अप्रूप असतं.

"आडात होतं. पोहराच माझा गळका होता. हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नाही. ती चुकली असती तर तिथल्या तिथे बोललो असतो."

कोण डॉक्टर, अशी पहिल्या रांगेत कुजबुज झाली. संचालक, 'डॉक्टर' एवढंच ऐकून आपल्यालाच म्हणत असावेत अशा समजुतीने, खुर्चीतून अर्धे उठलेही. सरांनी पिशवीतून बरणी काढून दाखल्याच्या मधोमध ठेवली. हेच पाणी आहे आणि हेच खत, ते म्हणाले, एवढ्याशा चिमटीत हे झालं, पोत्यांत काय होईल ते मी सांगत नाही, आपण अनुभव घ्यावा. दोरा सोडायला त्यांना बराच वेळ लागला. बायकोने गाठ पक्की मारली होती.

झाकण उघडलं. वास आधी मंचाला पोचला, मग रांगेरांगेने मागे गेला. कंपनीचे साहेब रुमाल शोधू लागले आणि न मिळाल्याने त्यांनी कार्यक्रमपत्रिका नाकाला लावली. मुख्य पाहुण्यांना अचानक दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. समन्वयकांना आयुष्यात प्रथमच खरं काम मिळालं आणि त्यांनी लोकांना मांडवाबाहेर काढण्याचा उत्तम समन्वय केला. थोड्या वेळाने मंचावर झाकलेला पुतळा, उघडी बरणी, सर आणि सूनबाई एवढेच उरले. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांत सासूबाई पदर नाकाला लावून तेवढ्या बसून होत्या. सूनबाईंना रडू फुटलं. ते वासाने आलं असं म्हणायची सोय होती, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

पुढे काय व्हायचं ते झालं, म्हणजे समिती नेमली गेली. 'शून्य पुनर्विचार समिती' तिचं नाव, आणि अध्यक्ष संचालक. समितीचा निर्णय होईपर्यंत पोती गोदामात ठेवावीत असं ठरलं. समिती बसल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही, आणि समुद्राच्या दृष्टीने तिने न बसणंच हिताचं आहे. संचालकांनी एखाद्या नव्या जिवाला सरांचं नाव द्यायची सूचनाही करून पाहिली. सरांनी निरोप पाठवला की आधी त्याला विचारा. कंपनीचे साहेब दुसरा एखादा रिकामा समुद्र शोधायला निघून गेले. पुतळा गोदामात पोत्यांना टेकून उभा आहे, चौथरा अजून मोकळा आहे, आणि सर आता फिरताना त्यावर बसून बुटाचे बंद बांधतात.

पण हे सगळं नंतरचं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई खोलीत काम करत होत्या, तेव्हा दालनात काहीतरी खटपट ऐकू आली. मग दारात मोठे सर उभे राहिले. इतक्या वर्षांत ते या खोलीत न विचारता येत आणि उभ्या उभ्या दोन सूचना करून जात. आज उंबऱ्याशीच थांबले.

"डॉक्टर, आत येऊ का?"

सूनबाईंनी स्टूल पुढे केलं आणि खोलीचे पडदे ओढले. सर बसले, चष्मा काढला, त्यावर फुंकर घातली आणि खिशातून एक पिवळट पडलेला रेशमी तुकडा काढून काचा पुसू लागले. सूनबाई बघतच राहिल्या. दालनातल्या दिव्याखाली आता नुसती चौकट असणार, हे त्यांच्या लक्षात आलं.

"बघतेस काय? चष्म्याला चांगलं आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला.

मग डोळा न हलवता त्यांनी एक बोट वर केलं, थोड्या वेळाने दुसरं, मग तिसरं. ते मोजत होते.